केशरी इअरप्लग, वर्षभर वापरून (शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असताना)

शेजारची सोसायटी पाडून तिथे अकरा मजली उभी राहतेय, आणि आमच्या बेडरूमपासून अंतर म्हणाल तर वाळत घातलेली चादर उडाली की त्यांच्या पत्र्यावर जाते एवढंच. पुण्यात आता गल्लीगल्लीत हेच चालू आहे म्हणून लिहितेय.

घेतले ते फोमचे केशरी प्लग, कारखान्यात कामगार घालतात तेच. आधी मेडिकलमधून सिलिकॉनचे आणले होते दीडशेला, ते बाद, कूस बदलली की उशीवर. हे सेफ्टी शूज आणि हेल्मेट विकणाऱ्याकडे दहा रुपयाला जोडी, मी पन्नास जोड्यांचं खोकंच उचललं. दुकानदार म्हणे साइटवर असता का? म्हटलं साइटच्या शेजारी.

घालायची पद्धत नीट बघा, निम्मे लोक तिथेच चुकतात. बोटांत वळून बारीक काडी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचं. पाकिटावर एनआरआर (आवाज किती कमी होतो त्याचं रेटिंग) २९ लिहिलंय म्हणजे २९ डेसिबल कमी होतात असं नाही हां, तो लॅबमधला आकडा आहे, अमेरिकेत कारखान्यांसाठी हिशोब करताना त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरतात म्हणजे हातात ११. मला फरक त्याहून थोडा जास्त वाटला.

आता मशीनप्रमाणे सांगते. सळई कापायचं कटर, ग्राइंडर, फळ्या आपटणं, सेंट्रिंगवाल्यांची (स्लॅबचा साचा बांधणाऱ्यांची) आरडाओरड, हे मस्त दबतं. ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं मशीन, तो नाही. पाडकामाच्या वेळी ब्रेकर चालायचा तो कानातून यायचाच नाही, भिंतीतून पलंगात आणि पलंगातून थेट दातात. जनरेटरची घरघर पण राहते, जाड आवाज फोमला फारसा जुमानत नाही.

तोटा म्हणजे अलार्म ऐकू येत नाही, दोनदा दूधवाला बेल वाजवून परत गेला. आणि घरात सगळे घालतीलच असं नाही, सासूबाईंना दिले तर म्हणाल्या, "बोळे मेल्यावर घालतात गं, आत्तापासून कशाला?" त्यावर काय बोलणार.

खरी परीक्षा स्लॅबच्या रात्री. साडेअकरा वाजलेले, आरएमसीच्या (तयार काँक्रीट आणणाऱ्या) गाड्यांची रांग, रिव्हर्सचा टीं टीं, काँक्रीट वर चढवणारा बूम पंप, ते दाबून बसवणारा व्हायब्रेटर, प्लग घालून पण झोप नाही. खाली गेले तर सुपरवायझर म्हणाला, "ताई, दिवसा गर्दीत गाड्या सोडत नाहीत, आणि स्लॅब अर्धा सोडला तर जॉइंट राहतो, उद्या गळेल." खोटं नव्हता बोलत तो, ताजं काँक्रीट सुकलेल्यावर ओतलं तर सांधा कच्चाच राहतो. पण मग पहिली गाडी संध्याकाळी पाचला कशाला बोलवायची, सकाळी सातला घ्या की, यावर तो नुसता हसला.

तेव्हा बसून नियम वाचले, आणि वाटलं हे खोकं घेण्याआधीच वाचायला हवे होते. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे केंद्राचे नियम आहेत, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. दिवसाची तक्रार करायची तर मर्यादेपेक्षा १० डेसिबल तरी जास्त लागतात, म्हणजे ६५, आणि फोनमधलं अ‍ॅप त्यासाठी अंदाजापुरतंच, माझ्या आणि नवऱ्याच्या फोनवर एकाच खिडकीत वेगवेगळे आकडे. पण रात्री मोजायची गरजच नाही!! २०१० मध्ये ५अ म्हणून नियम घातलाय, राहत्या भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकामाची मशीन चालवायचीच नाहीत, मग ती ४४ डेसिबलची का असेना. मी वर्षभर अ‍ॅप घेऊन खिडकीत उभी, आणि पुरावा म्हणून घड्याळ दिसेल असा व्हिडिओ पुरला असता. (सहा वाजता मात्र कायद्यात दिवस उजाडतो, सव्वासहाचं कटर या ५अ मध्ये बसत नाही, तिथे प्लगच.)

आमच्या सेक्रेटरी काकांनी त्या नियमाची प्रिंट काढून बिल्डरच्या ऑफिसात पोचवली. पुढचा स्लॅब सकाळी सातला सुरू, रात्री साडेनऊला आवरला. त्यानंतरचा परत साडेदहापर्यंत गेला, मग काकांनी दुसरी प्रिंट नेली.

प्लगला पाचपैकी साडेतीन. एक जोडी साधारण आठवडाभर चालते, धुवू नका, फोम फुगायचा बंद होतो. खोक्यात सहा जोड्या उरल्यात आणि सातवा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे.