विज्ञान खरं, दांडी खोटी: गुडघ्यापायी ४५,८९९ रुपयांचा चुना

सोसायटीच्या हॉलमध्ये 'मोफत गुडघे तपासणी' होती, आईला घेऊन गेलो. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: ब्लेझरवाला, प्रोजेक्टर, 'फक्त आजची ऑफर'. पण हा भोंदू अंगारे-धुपारे विकत नव्हता. म्हणाला, सांध्याला सूज आली की आयएल-१ आणि टीएनएफ हे निरोपे कूर्चेतल्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीतल्या, पेशींना चेतवतात. मग त्या एमएमपी-१३ सारखी एन्झाइम्स भरमसाट बनवतात आणि ती कूर्चेतलं कोलॅजन नावाचं प्रथिन कापत सुटतात. मी बी.एस्सी. झालेला माणूस. तिथेच मोबाइलवर शोधलं, सगळं खरं निघालं! विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं?

मग आईच्या मुठीत स्टीलची दांडी दिली, तिची वायर लॅपटॉपला. मिनिटभरात रिपोर्ट: 'एमएमपी-१३: ८२ टक्के'. अहो, रक्त नाही, सांध्यातलं पाणी नाही, मोजलं कशात? आणि एन्झाइम मोजतात नॅनोग्रॅममध्ये, हे टक्के कुठून आले? खालच्या मजल्यावरच्या काकू रोज टेकडी चढतात, त्यांचेही ८२च. "आपण दोघी सारख्याच की गं!" म्हणून त्या हसल्या. मीही हसलो. ते हसणं आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

'मोफत' तपासणीचा मशीन चार्ज १,४९९, एन्झाइम बंद करणाऱ्या कॅप्सूल ३८,४००, तेल ६,०००. आईचा गुडघा होता तसाच.

नंतर हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, झिजेच्या संधिवातात कूर्चेची झीज थांबवणारं एकही मान्यताप्राप्त औषध आज नाही. टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं आहेत, पण ती आमवातासारख्या आजारांसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. एमएमपी सरसकट अडवणाऱ्या गोळ्या कॅन्सरच्या रुग्णांवर करून पाहिल्या, तर उलट त्यांचेच सांधे दुखायला लागले! हे आधी डॉक्टरांनाच विचारा, हॉलमध्ये नाही.

पोलीस म्हणाले, "तुम्हीच दिलेत ना पैसे?" सायबरवाले म्हणाले, समोरासमोर झालं, आमच्याकडे येत नाही. औषधांच्या ऑफिसात डबी उलटीपालटी करून साहेब म्हणाले, हे औषधच नाही, फूड सप्लिमेंट आहे. मग रोग बरा करतो म्हणून विकलं कसं? चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, तो काय भिंतीवर टांगायला? "लेखी द्या, बघू." दिलं. बघताहेत.

डबीवर औषधाचा परवाना आहे की खाद्यपदार्थाचा, ते आधी वाचा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता ग्राहक आयोगासाठी पक्कं बिल असतं तर बरं होतं, पण माझ्याकडे नुसता यूपीआयचा स्क्रीनशॉट. पैसे गेलेत कुणा बाईंच्या सेव्हिंग खात्यात. स्क्रीनवर कंपनीचं नाव दिसत नसेल तर पिन टाकूच नका.