माजलेलं रान साफ करायचंय: जेसीबी, वणवा, तणनाशक, शेळ्या की कोयता?

चाकरमानी मे महिन्यात घरी येतो, वडिलोपार्जित वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, बघायला निघतो आणि दगडी गडग्याच्या पुढे पाऊलच टाकता येत नाही. रानमोडीचं तण डोक्याच्या वर गेलेलं, टणटणीच्या (घाणेरीच्या) जाळ्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यात कुठेतरी आजोबांनी लावलेला काजू घुसमटत उभा. तिथूनच फोन जातो, ‘जेसीबी ताशी किती घेतो?’ मी राजापूर तालुक्यात राहतो. आमचं तीस गुंठ्यांचं वरकस मी आधी दोन चुकीच्या मार्गांनी साफ केलं आणि मग एका बऱ्या मार्गाने. तो फोन लावण्याआधी तुम्ही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

पाचही मार्ग मी एकाच कसोटीवर तोलतो: पहिला पाऊस पडेल त्या दिवशी जमीन उघडी असेल की झाकलेली? आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो, अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि कुठे कुठे त्याहून जास्त. उतारावर जांभ्या दगडाच्या वर माती असते कधी वीतभर, कधी जेमतेम चार बोटं. जो काही कस आहे तो तेवढ्या थरात आणि त्याच्यावर पडलेल्या पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पाल्यात. तो थर एकदा ओढ्यात, आमच्या भाषेत पर्‍यात गेला की तुमच्या-माझ्या हयातीत परत येत नाही.

जेसीबीपासून सुरुवात करतो, कारण पहिली चूक मी तिथेच केली. बारा गुंठे दोन तासांत अंगणासारखे झाले. बघायला इतकं बरं वाटलं की घरातल्या सगळ्यांना नेऊन दाखवलं. महिना होता मे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खालचा पर्‍या तांबडा लाल वाहत होता आणि ती माझीच माती होती. दिवाळीला बघतो तर त्याच बारा गुंठ्यांत रानमोडी आधीपेक्षा दाट. तसं होणारच होतं. रानमोडीचं बी वाऱ्यावर येतं आणि त्याला लागते उघडी माती आणि ऊन. मी दोन्ही तयार करून ठेवलं होतं. शिवाय वरच्या कोपऱ्यातलं वारूळ त्यात सपाट झालं. वाळवीच्या त्या घराभोवती दर पावसाळ्यात अळंबी यायची, आई फडकं घेऊन जायची. त्या वर्षापासून ती उगवलीच नाही. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणाऱ्या खवल्या मांजरालाही अशीच वारुळं लागतात.

तरी यंत्र सगळीकडेच वाईट असं मी म्हणणार नाही. गाडीरस्ता, विहीर, शेततळं, अकेशियाचे जाडजूड खुंट, ही त्याचीच कामं. तेवढ्या जागेपुरतं बोलवा, पावसाच्या तोंडावर बोलवू नका आणि बकेट मातीवर घासत नेऊ देऊ नका. कातळसडा (उघड्या खडकाचं पठार) असेल तर मात्र तिथे यंत्र अजिबात नको. सडा आठ महिने ओसाड दिसतो, पण पावसात त्याच कातळावर सीतेची आसवं आणि गेंदासारखी इवली फुलं पसरतात. कातळशिल्पंसुद्धा अशाच पातळ मातीच्या थराखाली सापडली आहेत. तिथे साफ करण्यासारखं मुळात काही नसतंच.

आग लावणं सगळ्यांत स्वस्त. काहीजण म्हणतात, आपले आजे-पणजे भाजावळ करायचेच की. करायचे, पण ते तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, वाफ्यापुरतं. झाडांच्या डहाळ्यांची कवळ तोडून आणायची, वर पातेरा, वर माती पसरायची, सकाळचा वारा पडलेला बघून पेटवायचं आणि विझेपर्यंत माणूस जागेवरून हलायचा नाही. मार्चमध्ये डोंगराला काडी लावून घरी येणं ही भाजावळ नव्हे. राखेतून थोडं पालाश मिळतं हे खरं, पण नत्र धुराबरोबर उडून जातं, जमिनीवरची लाव्या-तित्तिरांची अंडी जातात, ऐन-किंजळाची रोपं जातात. रानमोडीचं बूड मात्र मातीत शाबूत राहतं आणि पहिल्या सरीला फुटतं. आणि आग हद्द ओळखत नाही. शेजाऱ्याची वीस वर्षांची हापूसची कलमं एका दुपारी होरपळलेली मी पाहिली आहेत. आगीला माझा सरळ नकार आहे.

तणनाशकाबद्दल थोडक्यात सांगतो. दुकानात बहुधा ग्लायफोसेट पुढे केलं जातं. ते पानांतून शोषलं जाऊन मुळापर्यंत जातं, म्हणून मुळासकट मारतं. पण फवारा पडेल ते हिरवं सगळंच मारतं, मग ते टणटणी असो की आवळ्याचं रोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. आपल्या उतारावरचं पाणी शेवटी खालच्या वाडीच्या विहिरीत मुरतं, मला तेवढं कारण पुरतं.

शेळ्यांचा मार्ग ऐकायला फार गोड वाटतो: रानही साफ आणि लेंडीखतही. माझी दुसरी चूक हीच. शेजारच्या वाडीतली वीस-बावीस शेळरं दोन महिने आत सोडली. त्यांनी करवंदीचे कोंब खाल्ले, धामणीचा पाला ओरबाडला, ऐनाचे नवे फुटवे संपवले. रानमोडीला तोंड लावलं नाही. टणटणी तर गुरांना विषारीच, यकृतावर जाते. म्हणजे जे ठेवायचं ते खाल्लं गेलं आणि जे घालवायचं त्याला मोकळी जागा मिळाली. शेळी हवी, पण रानमोडी-टणटणी आधी काढून झाल्यावर, वाढलेलं गवत आणि फुटवे आवरायला, तेही राखणीने. पावसाळी गवतावर गाय बांधली तर उत्तमच.

उरला कोयता आणि त्याच्या जोडीला कुदळ. गावात याला बेणणी म्हणतात. वेळखाऊ आहे, पहिल्या वर्षी महाग आहे आणि गडी मिळवणं ही मोठीच डोकेदुखी आहे, हे आधीच कबूल करतो. त्या बारा गुंठ्यांना चार माणसांना सहा दिवस लागले. दुसऱ्या वर्षी दोन दिवस पुरले, तिसऱ्या वर्षी मी आणि भाऊ मिळून एका दिवसात उरकलं. जेसीबीनंतर मात्र मला दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत होती.

यात मुहूर्त फार महत्त्वाचा. रानमोडी साधारण नोव्हेंबरपासून फुलते, म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, फुलण्याआधी तिला गाठायचं. जमीन ओली असते, लहान झाडं हाताने मुळासकट उपटून येतात, मोठ्यांना कुदळीचा एक घाव लागतो. नुसती छाटली तर बुडातून चार फांद्या जास्त येतात. टणटणीचं मूळ मातीखाली तीन-चार बोटांवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मूळ वर ठेवून टाकायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. निघालेला पाला जाळायचा नाही. उतारावर आडव्या ओळीत, दगडांच्या आधाराने रचायचा, थोडा काजूच्या बुंध्याभोवती पसरायचा. पुढच्या जूनमध्ये माती याच ओळींशी अडते. मी पहिल्यांदा तिथे हात घातला तेव्हा बोटभर काळी माती साचलेली होती. त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो.

आणि सगळं एकदम काढायचं नाही. टणटणीच्या जाळीतही बुलबुल घरटं करतात, ससा दडतो. अर्धं यंदा, अर्धं पुढच्या वर्षी. करवंदीची जाळी शक्यतो तशीच राहू द्यावी: आतल्या सावलीत, काट्यांच्या राखणीखाली ऐन, आवळा, जांभूळ यांची रोपं उभी राहतात आणि उन्हाळ्यात तिची फळं पाखरांपासून उदमांजरापर्यंत सगळे खातात. जुन्या तोडीचे खुंट तर खजिनाच आहेत. ऐन-किंजळाच्या खुंटाला आठ-दहा फुटवे असतात. त्यांतले सरळ, जोमदार दोन ठेवून बाकीचे काढले तर नर्सरीतल्या कुठल्याही रोपापेक्षा लवकर झाड होतं, कारण खालचं मूळ आधीच जुनं आहे.

ग्रासकटरचं विचाराल तर ते या बेणणीनंतरचं हत्यार, गवत आणि कोवळ्या फुटव्यांसाठी झकास. पण त्याला रोप आणि तण सारखंच. फिरवण्याआधी ठेवायच्या रोपांना लाल चिंधी बांधा.

दोन सूचना आहेत, त्या दुर्लक्षू नका. पातेऱ्यात आणि दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो. गमबूट हवेत, दगड हाताने नव्हे, आधी पारयीने (पहारीने) हलवायचा, आणि सर्पदंशावरचं औषध जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे काम सुरू करण्याआधी विचारून ठेवायचं. दुसरी कागदाची. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याखाली साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस अशी झाडं स्वतःच्या जमिनीतलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असा शेरा असेल तर कोयता उचलण्याआधी वनखात्यात जा.

मग कुणी काय निवडावं? घरालगतचं परसू असेल तर दरवर्षी ग्रासकटर पुरे, फुरशाची भीतीही कमी होते. माजलेली आंबा-काजूची बाग असेल तर झाडांभोवती बेणणी करा आणि हद्दीवर जानेवारीआधी आठ-दहा हातांची जाळरेषा काढा, म्हणजे गवत-पातेरा न जाळता काढून मोकळा ठेवलेला पट्टा, कारण वणवा बहुधा बाहेरूनच येतो. उताराचं वरकस असेल तर कोयता-कुदळ, तीन वर्षांच्या हिशेबाने, आणि यंत्र फक्त रस्त्यापुरतं. मुंबईत राहून तीन ऑक्टोबर गावी येणं जमणार नसेल, तर तीस गुंठ्यांऐवजी पाचच गुंठे हाती घ्या. बाकीचं रान आणखी काही वर्षं माजलेलं राहिलं तरी त्याखालची माती जागेवर असते.

आमच्या वरच्या कोपऱ्यात, वारूळ होतं तिथून पाच-सात हातांवर, गेल्या पावसाळ्यात मातीचा टोपीएवढा नवा उंचवटा दिसला. भोवती चार दगड लावून ठेवलेत, कुणाचा पाय पडू नये म्हणून.