काडतुसं कुठे ठेवायची: माळा, कपाट की हवाबंद डबा?

शेतीरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्या घरात १२ बोअरची काडतुसं एकदा आणली की वर्षानुवर्षं पडून राहतात. रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी लागते, केलड्यांना, म्हणजे माकडांना, पळवायला फटाकाही चालतो. त्यामुळे ती ठेवायची कुठे, हे नीट ठरवावं.

उष्णतेने काडतुसं खराब होतात हे खरं. धूररहित दारूतलं नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होत असतं. त्याला आवर घालणारं स्टॅबिलायझर उष्णतेत लवकर संपतं. पण आपल्या कोकण किनाऱ्यावर पारा विदर्भासारखा पंचेचाळिशीला जात नाही. इथे वर्षाचा पाऊसच ३००० मिलिमीटरच्या वर. पितळी बुडाला हिरवा गंज चढवते, कागदी काडतूस फुगवून नळीत अडकवते ती दमट, खारी हवा. म्हणून मी जागा निवडताना ओल आधी बघतो, ऊन नंतर.

माळा बाद. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये भट्टी होते, पावसात ओल, आणि उंदीर बारमाही. चुलीजवळची जागा तर नकोच.

माजघरातलं लोखंडी कपाट बरं. उष्णता बेताची, कुलूप पक्कं, मुलांचा हात पोचत नाही. पण कपाटाची फट हवा अडवत नाही, म्हणून नुसत्या कपाटावर फार तर एका पावसाळ्याचा भरवसा ठेवावा. चामड्याचा काडतूसपट्टा आत टांगून ठेवायची सवय मोडाच. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळाला खातात.

उरले हवाबंद डबे. प्लास्टिकचा गंजत नाही आणि स्वस्त असतो, पण साध्या झाकणातून दमटपणा शिरतो आणि घूस तो कुरतडते. रबरी गॅस्केटचा लोखंडी डबा दोन्हींना पुरून उरतो. त्याला बाहेरून रंगाचा हात द्यावा लागतो, खाडीकाठी तर दरवर्षी. तरी माझं मत त्यालाच, तोही माजघरातल्या कपाटात कुलपाखाली. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, कोरड्या घरात, उंदरांचा त्रास नसेल, तर चांगल्या गॅस्केटचा प्लास्टिक डबाही चालेल.

डबा कुठलाही घ्या, भरायची वेळ चुकवू नका. जुलैत बंद केलेला डबा जुलैची हवाच आत कोंडतो. फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी भरा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. नारिंगी दाणे हिरवे झाले की पुडी बदला. पावसाळाभर झाकण उघडू नका. काडतुसांना तेल लावू नका. ते झिरपून टोपीतला मसाला निकामी करू शकतं. फ्रिजचा मोह टाळा, बाहेर काढताच काडतुसावर दव धरतं.

संख्या परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच ठेवा. खरेदीचं वर्ष डब्यावर लिहून जुनी आधी वापरा. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू ओल फार झपाट्याने ओढते, तिचा साठा करूच नये.

फुगलेलं, हिरवं पडलेलं काडतूस उन्हात वाळवून पुन्हा वापरू नका, फोडूनही बघू नका. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा. बार उडालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, मगच बंदूक उघडा.