अपिस्टो घ्यायचे असतील तर कुर्ल्यातलं हे दुकान, मासा नावानिशी मिळतो

कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या मार्केटमधे दुकानं ढीगभर आहेत पण ड्वार्फ सिक्लिडसाठी, म्हणजे अपिस्टो (अपिस्टोग्रामा) आणि रॅम असल्या छोट्या माशांसाठी, मी आता याच दुकानात जातो. बाकी ठिकाणी टाकीवर "मिक्स अपिस्टो" एवढंच लिहिलेलं असतं आणि जास्त विचारलं की "सगळे सेमच असतात हो साहेब". अहो नसतात सेम! इथे दुकानदार काका प्रत्येक टाकीवर जातीचं नाव स्वतः लिहितात आणि पिशवीवरही मार्करने लिहून देतात.

नर ओळखायला त्यातल्या त्यात सोपे. कॉकटू, अगासिझी, बोरेली या अपिस्टोच्याच जाती. कॉकटूच्या पाठीवरच्या फिनचे (पराचे) पुढचे काटे तुऱ्यासारखे वर गेलेले असतात आणि शेपटीला वर-खाली दोन टोकं. अगासिझीची फिन एकसारखी सलग, शेपटी मधे निमुळती होत एकाच टोकात संपते आणि अंगावरचा काळा पट्टा थेट शेपटीत उतरतो. बोरेलीची शेपटी गोल, फिन उंच, रंग निळा-पिवळा. एवढं पाठ केलं तरी निम्मं काम झालं.

खरी पंचाईत मॅकमास्टेराय आणि व्हिएजिता या आणखी दोन जातींची. दोन्ही कोलंबियाच्या मेटा नदीच्या खोऱ्यातले, दोन्हीची शास्त्रीय नोंद मत्स्यशास्त्रज्ञ कुलांडर यांनी १९७९ मधे केली, आणि व्हिएजिता म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा मॅकमास्टेरायच निघतो. काकांनी टाकीवर सरळ मॅकमास्टेराय लिहिलंय. व्हिएजिता लिहून जास्त पैसे लावता आले असते, लावले नाहीत, मला तिथेच हा माणूस पटला.

माद्यांचं मात्र अवघड आहे, आणि या दुकानाची खरी किंमत तिथेच कळते. सगळ्या जातींच्या माद्या लहान, फिकट मातकट, पिल्लं सांभाळताना सगळ्याच पिवळ्याधमक, आणि दुकानाच्या टाकीत घाबरलेल्या असल्या की अंगावरच्या खुणासुद्धा पुसट होतात, त्यामुळे मिक्स टाकीतून कुणी "ही घ्या मादी" म्हणून जाळीत धरून दिली तर ती कुठल्या जातीची हे सांगणं जवळपास अशक्य. त्यात दबून राहिलेले तरुण नर पण मादीसारखेच दिसतात. काका पोटाखालच्या फिनची पुढची काळी कड दाखवतात, बऱ्याच जातींत मादीला ती असते, पण सगळ्यांत नाही हेही स्वतःच सांगतात. इथे एका टाकीत एकच जात, नर-माद्या एकत्र, त्यामुळे घोळ व्हायला जागाच नाही. थोडा वेळ उभं राहून बघू देतात, घाई करत नाहीत.

आता तक्रार. रॅम आणि बोलिव्हियन रॅम एकाच रॅकवर एकाच तापमानाला ठेवलेत. साधा रॅम व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गरम मैदानी प्रदेशातला, त्याला २७ ते ३० डिग्री लागतं, बोलिव्हियन थोड्या थंड पाण्यात खूष असतो. दिसायला पण वेगळे आहेत, बोलिव्हियन मोठा, अंगावर निळे ठिपके नाहीत, शेपटीच्या कडा लालसर. रॅमची मादी हवी असेल तर गुलाबी पोट बघा आणि अंगावरच्या काळ्या डागात निळे चमकते ठिपके आहेत का ते बघा. इलेक्ट्रिक ब्लू या रॅमच्याच निळ्या प्रकारात तो काळा डागच नसतो, तिथे ही खूण चालत नाही.

भाव लिहिलेले नसतात, विचारावे लागतात, हे मला आवडत नाही. बदामाची वाळलेली पानं पाकिटात विकतात, ती नका घेऊ, सोसायटीत देशी बदामाचं झाड असेल तर खाली पडलेली धुवून वाळवून टाकीत सोडा, अपिस्टोला तीच चालतात. रविवारी जाऊ नका, गर्दीत काकांना बोलायला वेळ नसतो. मधल्या वारी दुपारी जा, आणि मोबाईलचा टॉर्च टाकीवर मारू नका, मासे लगेच फिके पडतात आणि मग काहीच ओळखू येत नाही.