रीड की पीस? सीमाभागातल्या नव्या पीएसआयसाठी

ओळखीतला एक पोरगा पीएसआय झाला, पहिली नेमणूक चिकोडीकडे. विचारत होता, "काका, माणसाला बोलतं करायला रीड बरी की पीस?" या चौकशीच्या दोन पद्धती. मी आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील, तेव्हा माझं माप थोडं झुकलेलं आहे, हे आधीच सांगतो.

रीड शिकागोची. आधी गप्पांच्या सुरात चाचपणी, संशय बसला की नऊ पायऱ्या. "तूच केलंस" असं तोंडावर सांगायचं, नकार पुरा होऊ द्यायचा नाही, मग मायेने विचारायचं, "ठरवून केलंस, की रागाच्या भरात?" काहीही उत्तर दिलं तरी गुन्हा कबूल.

पीस इंग्लंडची, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीची. गिल्डफर्ड फोर, बर्मिंगहॅम सिक्स या बॉम्बस्फोटांच्या प्रकरणांत जबरीच्या कबुल्यांवरून निर्दोष माणसं वर्षानुवर्षं आत राहिली, तेव्हा तिथले पोलीस वळले. तयारी करून बसायचं, सलग सांगू द्यायचं, विसंगती नंतर पुढे ठेवायची.

वेळेच्या हिशेबात रीड सोयीची. 1 नोव्हेंबरचा (कर्नाटकचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) किंवा बेळगावच्या अधिवेशनाचा बंदोबस्त करून आलेल्याला पीसची तयारी जड जाते, हे कबूल. पण रीडचा सगळा खटाटोप कबुलीसाठी, आणि आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25, आता साक्ष्य अधिनियमाचं 23. त्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. "कोयता कुठं टाकलास?" यावर ठाण्यात इतका जोर असतो तो म्हणूनच.

खरी अडचण भाषेची. रीडची चाचपणी चेहरा आणि अडखळणं वाचते. नुसतं बघून खोटं ओळखण्याच्या प्रयोगांत माणसं सरासरी 100 पैकी 54 वेळा बरोबर ठरतात, नाणं उडवण्याहून जरासं बरं. आमचा खानापूरचा शेतकरी तर कन्नड प्रश्न आधी मनात मराठीत फिरवून घेतो. तो थांबला म्हणजे खोटं बोलला?

एका जबाबात बाई म्हणाली, "मामा दारात उभे होते." जबाब लिहून घेणाऱ्या रायटरने कन्नडमध्ये "माव" लिहिलं. कन्नडमध्ये माव म्हणजे मामाही आणि सासराही. उलटतपासात मामांचा सासरा झाला आणि बाई खोटी पडली. (इकडे पोलिसालाही मामा म्हणतात, तो अर्थ कुणी काढला नाही हे नशीब.) "कुठले मामा? पहिल्यापासून सांगा," एवढं विचारलं असतं तर घोळ तिथेच मिटला असता.

म्हणून फिर्यादी, साक्षीदारांसाठी डोळे झाकून पीस. आरोपीसाठीही तीच, फक्त पुरावा आधी जमव. त्याला खरंच कबूल करायचं असेल, तर बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 183 खाली मॅजिस्ट्रेटपुढे. नार्को चाचणीचं मनातून काढ. सर्वोच्च न्यायालय, सेल्वी विरुद्ध कर्नाटक, 2010, संमतीशिवाय नाही.

साक्षीदाराला मराठीत बोलू दे. बीएनएसएसच्याच कलम 180 खाली ऑडिओ-व्हिडिओ नोंद करता येते, ती कर. आणि कन्नड जबाबात "मामा" हा शब्द तसाच ठेव, कन्नड लिपीत.