चहा सांडलेल्या लॅपटॉपची दुरुस्ती : लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानाचे परीक्षण

‘वॉटर डॅमेज’ दुरुस्त करून देतो असे सांगणारे मुंबईत गल्लोगल्ली भेटतात. पण लॅपटॉपला चार्जर लावून पाहण्याआधी तो उघडून धुणारा त्यांतला एखादाच असतो. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्रीच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील दुकानात आमच्या घरचा लॅपटॉप दुरुस्त झाला. बाहेरच्या पाटीवर फक्त ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ (म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचे बारीक भाग दुरुस्त करणे) एवढेच लिहिलेले आहे. त्या कामात जे उत्तम होते आणि जे खटकले, ते दोन्ही येथे मांडत आहे.

कीबोर्डवर सांडला होता तो दूध-साखरेचा चहा. भाचीने प्रसंगावधान राखून पॉवरचे बटण दाबून धरले, चार्जर काढला आणि लॅपटॉप पालथा घातला. त्यानंतर तो कोणीही चालू करून पाहिला नाही. (लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवून सुकवण्याचा सल्ला शेजारून आलाच. तांदूळ मदरबोर्डवरची, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरची साखर शोषत नाही, त्याची पूड मात्र फटींत जाऊन बसते.)

दुकानात जाण्यापूर्वी आम्ही कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो होतो. द्रव लागल्यावर रंग बदलणारी आतली पट्टी लाल झाल्याचे दाखवून तेथील कर्मचाऱ्याने वॉरंटी लागू होत नसल्याचे सांगितले, आणि ते नियमाला धरूनच होते. साध्या वॉरंटीत द्रवामुळे झालेले नुकसान सहसा धरले जात नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. मात्र मदरबोर्ड आणि कीबोर्डसह वरचा संपूर्ण भाग बदलण्याचा जो खर्च सांगण्यात आला, तो नव्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीहून अधिक होता. याला मी फसवणूक म्हणणार नाही. तेथे बोर्ड दुरुस्त करत नाहीत, बदलतात, आणि आकडा त्या पद्धतीतून येतो. राग आला तो आतील माहितीबद्दलच्या उत्तराचा : ‘त्याची जबाबदारी आमची नाही,’ असा मजकूर असलेला अर्ज पुढे सरकवण्यात आला, पण माहितीची एसएसडी पट्टी स्क्रू काढून सहज वेगळी करता येते, हे कोणी सांगितले नाही.

लॅमिंग्टन रोडवरील तंत्रज्ञाने मॉडेल विचारण्याआधी विचारले, ‘ताई, काय सांडलं होतं, साखर होती का? आणि नंतर चालू करून बघितला का?’ या प्रश्नांतच त्या दुकानाचे वेगळेपण आहे. बोर्ड बिघडतो तो निव्वळ ओलीमुळे नव्हे, तर ओल आणि वीज एकत्र आल्यामुळे. लॅपटॉप बंद दिसत असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत व्होल्टेज असतेच. चहातील क्षारांमुळे शेजारशेजारच्या टोकांमध्ये प्रवाह वाहू लागतो, धातू झिजतो आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. वरवर सुकल्यानंतरही हे थांबत नाही, कारण मागे राहिलेली साखर हवेतील ओलावा धरून ठेवते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेला ओलाव्याची वाण कधी पडत नाही. म्हणूनच आठवडाभर पंख्याखाली सुकवलेला लॅपटॉप चालू होतो आणि महिन्याभराने अचानक मान टाकतो.

यंत्र आमच्यासमोरच उघडण्यात आले. सर्वप्रथम बॅटरीचे कनेक्टर सोडवले, मग एसएसडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि आम्ही नेलेल्या ड्राइव्हवर सर्व माहिती उतरवून दिली. येथे बिटलॉकरची, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजमधील सोयीची, 48 अंकी रिकव्हरी की मागितली गेली, जी मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली. ती हाताशी नसती तर एसएसडी धडधाकट असूनही माहिती कुलूपबंदच राहिली असती. अलीकडच्या मॅकबुकमध्ये आणि बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच डाख देऊन पक्की जोडलेली असते, तेथे एवढी सोय नाही.

धुण्याची पद्धत विशेष आवडली. बहुतेक ठिकाणी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ब्रश फिरवून काम उरकतात. परंतु त्या अल्कोहोलमध्ये साखर जवळपास विरघळतच नाही. येथे बोर्ड पूर्ण बाहेर काढून, त्यावरील पंखा आणि पत्र्याची झाकणे काढून, तो आधी शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींच्या कंपनांनी धुणाऱ्या) यंत्रातून काढण्यात आला, मग 99 टक्के अल्कोहोलने पाणी हुसकावण्यात आले आणि शेवटी मंद उष्णतेवर तो सुकवण्यात आला. मायक्रोस्कोपखाली चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपजवळचा (आयसीजवळचा) गंज आम्हालाही दाखवला. मुख्य 19 व्होल्टच्या लाइनवर मल्टिमीटर शॉर्ट दाखवत होता. त्याचे मूळ एका बारीक सिरॅमिक कपॅसिटरमध्ये निघाले. तो बदलल्यावरही लगेच चार्जर न लावता, प्रवाहावर मर्यादा घालणाऱ्या पॉवर सप्लायवरून बोर्ड जागा करण्यात आला. इतका संयम मला अन्यत्र आढळलेला नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. या मॉडेलचा कीबोर्ड प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या खुंट्यांनी वरच्या पत्र्याला जखडलेला असतो; तो काढून बसवलेला नवा कीबोर्ड मूळ कंपनीचा नाही. हे आधी सांगितले होते, त्यामुळे तक्रार नाही, पण त्याचा प्रकाश एका बाजूला फिका पडतो आणि स्पेसबार किंचित डगमगतो. दुसरे, विंडोजचा पासवर्ड विचारून तो चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवण्यात आला, आणि काउंटरवरच्या इतर यंत्रांवरही तशाच पट्ट्या होत्या. इतक्या काटेकोर कारागिराला ही सवय शोभत नाही. आम्ही पासवर्ड बदलून तात्पुरता दिला होता, म्हणून निभावले. तिसरे, ‘बिल हवं का?’ असा प्रश्न विचारला गेला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मागितल्यावर मात्र कुरकुर न करता जीएसटीसह बिल मिळाले. काम ठरल्या दिवसापेक्षा लांबले आणि फोन उचलला जात नव्हता, हेही नोंदवायला हवे.

तपासणीचे ₹500 आधी घेतात आणि दुरुस्ती केल्यास अंतिम रकमेतून वजा करतात. कीबोर्डसह एकूण खर्च ₹6,200 आला. बोर्डाच्या कामाला तीन महिन्यांची हमी आहे, कीबोर्डला नाही. बोर्ड फार गंजला असेल तर ते काम घेत नाहीत आणि तसे तपासणीनंतर तोंडावर सांगतात; आमच्यापुढे असलेल्या एका गृहस्थांना त्यांनी केवळ माहिती काढून देऊन लॅपटॉप परत केला. जाताना स्वतःचा चार्जर, रिकामी ड्राइव्ह आणि बिटलॉकरची की सोबत न्यावी. परिसरातील बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवारी रात्री चहा सांडलाच तर बॅटरी सोडवून घेण्यासाठी घराजवळचा एखादा तंत्रज्ञ आधी गाठावा आणि धुण्यासाठी सोमवारी येथे यावे.