धनशक्ती की एएचबी 1200? गावाकडं बाजरीचं बियाणं पाठवण्याआधी

मी राहतो भांडुपला, जमीन सिन्नर तालुक्यात, पेरणी काका करतात आणि बियाण्याचे पैसे मी पाठवतो. मे संपता संपता फोन येतोच, यंदा कुठली बाजरी आणू. या वेळी मी जरा नीट बसून बघितलं कारण पुतणीचं हिमोग्लोबिन कमी निघालंय, गोळ्या चालू आहेत, पण आमच्याकडं रात्री भाकरीच असते तर तीच जास्त लोहाची का नको, असं वाटलं. तुमचंही गावाला शेत असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी लोहाचं बोलू. साध्या बाजरीत किलोमागं 45 ते 50 मिलिग्रॅम लोह धरतात, धनशक्ती आणि एएचबी 1200 या जास्त लोहाच्या दोन वाणांत 70 च्या आसपास. म्हणजे लोहावरून दोघांत निवड होतच नाही, दोन्ही चांगले. खरा फरक बियाण्यात आहे.

धनशक्ती हा सुधारित वाण, संकरित नाही. त्याचं मूळ पार आफ्रिकेत टोगो देशातल्या गावरान बाजरीत, त्यातून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं आयसीटीपी 8203 वाण काढला, मग त्यातली जास्त लोहाची झाडं निवडत निवडत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासोबत धनशक्ती तयार झाला आणि 2012 ला महाराष्ट्रात आला. याचं बी घरी राखता येतं. फक्त बाजरीत परागीकरण वाऱ्यानं होतं, शेजारी दुसरी बाजरी असेल तर भेसळ होते, म्हणून बी धरायचं ते वावराच्या मधल्या चांगल्या कणसांचं, आणि तीनचार वर्षांनी नवीन पिशवी आणायचीच.

एएचबी 1200 परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा संकरित वाण. याचं बी दरवर्षी विकत. आमच्या काकांनी एकदा एका संकरित बाजरीचंच बी राखून पेरलं होतं, एक झाड कमरेला तर दुसरं डोक्याच्या वर, अर्धी कणसं भरली तेव्हा बाकीची अजून निसवत होती, काढणीला जीव गेला माणसांचा.

आता उतारा. हेक्टरी सरासरी धनशक्तीची 22 क्विंटल आणि एएचबी 1200 ची 32, म्हणजे एकरी अंदाजे 9 आणि 13. आपल्या कोरडवाहूत दोन्ही आकडे खाली येतील पण अंतर राहणार, आणि चार क्विंटल ही लहान गोष्ट नाही, त्यात बियाण्याची पिशवी सहज निघते कारण बाजरीला एकरी दीड किलोच बी लागतं. मुदत दोघांची सारखीच, अडीच महिन्यांच्या आसपास. कणसात दाण्याऐवजी पानं फुटवणाऱ्या गोसावी रोगासाठी बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाला औषध चोळणं, दोन्हीला करा, 1970 च्या सुमारास याच रोगानं तेव्हाच्या संकरित बाजऱ्या बुडवल्या होत्या.

खाऊन फरक पडतो का हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नगर जिल्ह्यात 12 ते 16 वर्षांच्या शाळकरी मुलांना सहा महिने दोन्ही वेळ धनशक्तीची भाकरी दिली, तर ज्यांच्यात लोह कमी होतं त्यांची कमतरता भरून निघायची शक्यता साध्या बाजरीवाल्यांपेक्षा 64 टक्के जास्त दिसली. पण इथं मुंबईतल्याच झोपडपट्टीत दीड वर्षाच्या आतल्या बाळांना जास्त लोहाच्या बाजरीचे पदार्थ नऊ महिने दिले तेव्हा एकूण लोहात किंवा वाढीत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे दोन वेळ पोटभर भाकरी खाणाऱ्या मुलाला फायदा, बाळाच्या चार घासांवर भरवसा ठेवू नका, आणि गोळ्या तर कुणाच्याच बंद करू नका.

माझं मत, बाजरी विकायची असेल आणि दरवर्षी बियाण्याला पैसे निघत असतील तर एएचबी 1200. लोह डोळ्याला दिसत नाही, व्यापारी त्याचे वेगळे पैसे देत नाही, तिथं क्विंटलच मोजले जातात. पण बाजरी घरातच खाल्ली जाते आणि पैशाची ओढाताण आहे, पाऊस उघडला तर दुबार पेरणीची भीती आहे, तिथं धनशक्ती, कारण कणगीत बी असलं की दुकानात उधारी मागावी लागत नाही. आमचं सगळं खाण्यापुरतंच, त्यामुळे मी धनशक्तीचे पैसे पाठवलेत. पिशवीवरचं लेबल आणि पावती बघूनच घ्या असं काकांना दोनदा सांगितलं.

आणि मुंबईला आणताना पीठ आणू नका, बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू व्हायला लागतं. दाणे आणा आणि गिरणीवर लागेल तसं दोन-दोन किलो दळा.